तांब्यावरची बोटं

चिंच-मीठ लावून तांब्या घासला की नव्यासारखा गुलाबी होतो. सोमवारी मी तो घासून ओट्यावर ठेवला. आमच्या यांनी जाता-जाता तो उचलून उजेडात धरला. "तोंड दिसतंय बघ यात," म्हणाले. तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता. मी नीट पाहिलं होतं, कारण घासलेल्या भांड्याला कोणी हात लावला की मला राग येतो.

आज गुरुवारी त्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटलाय, काळपट तपकिरी.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे मला यात नवल वाटायला नको. हाताच्या घामातले, तेलकटपणातले रेणू धातूला चिकटतात, त्यावर सरकत पसरतात आणि गुपचूप त्याचा रंग बदलत राहतात. आपल्याला दिसतं ते फार उशिरा. दिसतं तोवर त्यांचं काम झालेलं असतं.

काल यांचा रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षं तरी झाली असतील आजार सुरू होऊन." ती दोन वर्षं हे रोज फिरायला जात होते, दोन वेळा जेवत होते, चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडत होते.

आता हे दवाखान्यात आहेत. मी चिंच भिजत घातली आहे, पण तांब्या घासायला हात पुढे होत नाही. खिडकीपाशी जाऊन मी माझा तळहात उजेडात धरला. स्वच्छ दिसला.

यांचाही दिसायचा.