बाजू पलटेपर्यंत

मामूंना कोरी टेप सहन होत नसे. गाणं संपूनही कॅसेटची बाजू थोडी उरली, की ते तिथे दुसऱ्या कुठल्यातरी गाण्याचं तोंड घुसवून द्यायचे. दिग्रसच्या कितीतरी घरांत भजनाच्या शेवटी कव्वाली सुरू व्हायची आणि ऐन आलापात खट्‌कन थांबायची. कोणी तक्रार केली तर मामू म्हणायचे, "मुकी टेप देऊ का मंग? मले नाही जमत."

कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कॅसेटा भरून देण्याचं दुकान होतं. हंगामात जिनिंगची रुई उडत उडत आत यायची आणि दुपारच्या तिरप्या उन्हात तरंगत राहायची. गिऱ्हाईक कव्वाल्या, भीमगीतं, सिनेमाची गाणी मागायचं. पण नागपूरच्या एका हॉटेलात गिटार वाजवणारा मामूंचा भाचा परदेशी जाताना पोतंभर इंग्रजी कॅसेटा त्यांच्याकडे टाकून गेला होता. त्या कॅसेटांचे चाहते दोनच, मी आणि माझ्यासोबत कॉलेजात असलेला सिद्धार्थ.

आमच्यासाठी मामूंनी दोन खोकी केली होती, 'सीधा' आणि 'लंबा'. सीधा म्हणजे धडाधड वाजून मोकळा होणारा रॉक. लंबा म्हणजे प्रोग्रेसिव्ह. हे नाव आम्ही कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं आणि फार तोऱ्यात उच्चारायचो. ऑर्गनच्या धुक्यात सुरू होणारी, ताल बदलत कुठल्या कुठे जाणारी ती गाणी मला वेड लावायची. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या आणि मी डोळे मिटून दुसऱ्याच गावात पोचलेला असायचो. सिद्धार्थ त्यांच्या वस्तीतल्या भीमगीत पार्टीत ड्रम वाजवायचा. त्याचा जीव सीध्यात.

मामू मात्र कॅसेटा सारख्या या खोक्यातून त्या खोक्यात हलवायचे. लंबं गाणं मध्येच मेटलसारखं कडाडायचं, सीधं गाणं मध्येच अंगाई होऊन जायचं. आम्ही चिडलो की ते हसायचे. "पहिल्या वेच्याचा कापूस न् दुसऱ्या वेच्याचा, झाड तं एकच ना बाबू? मी कायले भांडू?"

आम्ही मात्र भांडलो. एक गाणं इतकं लांब होतं की ते एका बाजूत मावत नसे. अर्धं धुकं, मग कॅसेट पलटायची, मग ड्रमचा कडकडाट. पलटताना मामू दारातून समोरच्या टपरीवाल्याला हाक मारायचे, "दोन कट!" आणि आम्हाला म्हणायचे, "पलटेपर्यंत चाय घ्या." मी म्हणायचो हे प्रोग्रेसिव्ह, सिद्धार्थ म्हणायचा हार्ड रॉक. एका दुपारी तो म्हणाला, "तुले ताल समजतच नाही बे." मी म्हणालो, "तुला ताल सोडून काही ऐकूच येत नाही." एवढ्याशा गोष्टीवरून बोलणं बंद झालं ते झालंच. दोघं वेगवेगळ्या वेळी दुकानात जायला लागलो. "एकाच टायमाले येत जा ना बावा," मामू कळवळून म्हणायचे, "एकट्यासाठी वाजवाले मजा नाही येत."

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. जिनिंग लवकर बंद व्हायला लागलं, दुकानात रुई उडेनाशी झाली. लग्नाआधी हौसेने कॅसेट भरून नेणारी माणसं दिसेनाशी झाली. मामूंनी दुकान आवरून पुसदला मुलीकडे जायचं ठरवलं. मलाही तेव्हाच पुण्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. "तुह्यं गाणं आहे. लंबं."

पुण्याच्या खोलीत ती लावली. तेच धुकं, तेच ऑर्गन. बाजू संपायच्या थोडं आधी गाणं थांबलं आणि पुढे नुसती खरखर. पलटली, तर दुसरी बाजू अख्खी कोरी. मुकी टेप ज्यांना बघवत नव्हती, त्यांनी मला अर्धी कॅसेट मुकी दिली होती! टेप खराब निघाली असेल, असं म्हणून मी ती ठेवून दिली. मामू वारल्याचं कळलं तेव्हा पुन्हा लावली. त्या खरखरीत मला ते फार आठवले, आणि सिद्धार्थही.

दिवाळीत दिग्रसला गेलो तेव्हा सरळ त्याच्या घरी गेलो. मी कॅसेट बाहेर काढली, तर तो बघतच राहिला. आतून तशीच एक घेऊन आला. "माह्यी बिघडेल आहे," तो म्हणाला. "सुरुवातच नाही. एकदम ड्रमच सुरू होते."

दोघांनाही एकदमच कळलं. मामूंनी गाणं मधोमध कापून आम्हाला वाटून दिलं होतं. एकत्र बसल्याशिवाय ते पूर्ण होणार नव्हतं. माझे डोळे भरून आले. सिद्धार्थने तोंड फिरवून टेपरेकॉर्डर पुसायला घेतला.

आधी माझी कॅसेट लावली. धुकं संपलं, खरखर सुरू झाली. ती काढायला सिद्धार्थने हात पुढे केला आणि मध्येच थांबला. खरखर चालूच राहिली. मग तो आत बघून ओरडला, "आई वं, दोन कट चाय!"