तेजाबवाल्या बाई

अमरावतीत माणसांना धाकात ठेवणाऱ्या बायका घरोघरी होत्या. पण तेजाबाला वळण लावलेली बाई गावात एकच होती, आणि ती आमच्या मुलींच्या शाळेत रसायन शिकवत असे. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. साताऱ्याकडून नुकताच आलो होतो आणि साधं वऱ्हाडी बोलणंही माझ्या कानांना अजून भांडणासारखं वाटे. पहिल्या दिवशी बाईंनी मला नमस्काराच्या आधीच विचारलं, "हात धुतले काय?" मी दचकून दोन्ही हात पाठीमागे नेले. पुढे कळलं, की ही त्यांची सगळ्यांनाच विचारायची रीत. मुख्याध्यापिकाबाईंना, टपाल आणणाऱ्याला, इतकंच काय, त्यांना पाहायला आलेल्या नवऱ्या मुलालाही त्यांनी पोह्यांच्या बशीआडून हेच विचारलं होतं म्हणे. तो बिचारा मुकाट उठला, धुऊन आला, आणि म्हणून लग्न जमलं. त्या गृहस्थांना मी भेटलोय. बोलताबोलताही ते हात पुसत असायचे.

प्रयोगशाळेत बाई कधी धावल्या नाहीत आणि कुणाला धावू दिलं नाही. सुती लुगड्यावर चांभाराकडून शिवून घेतलेला कातड्याचा एप्रन, डोळ्यांवर कुठल्याशा फटफटीवाल्याचा जुना चष्मा, अशा वेशात त्या बाटल्यांच्या कपाटापुढे उभ्या राहात आणि कुणी आवाज चढवला, की ओठांवर बोट ठेवून म्हणत, "हळू. झोपून राहिलं ते." दुपारचं ऊन त्या तपकिरी बाटल्यांतून झिरपून भिंतीवर पडलं, की बाई शिकवायच्या थांबत. साऱ्या वर्गानं मग मधाच्या रंगाचे ते कवडसे हलताना पाहात बसायचं. त्यांचा सगळ्यात मोठा धडा एकच होता : तेजाब हळूहळू पाण्यात घालायचं, पाणी तेजाबात कधीच नाही. "पावण्यानं नदीवर जा लागते," त्या सांगत. "नदीच पावण्याच्या घरी आली, त घर वाहून जाते." हे वाक्य मुलींना इतकं पाठ होतं, की एकीनं ते मराठीच्या पेपरात म्हण म्हणून लिहून टाकलं आणि गुणही मिळवले.

एका हिवाळ्यात अकोल्याला शाळाशाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. आमच्या मुलींनी त्यासाठी एक यांत्रिक गडी बनवला. तुपाच्या डब्यांचं अंग, पायांखाली चाकं, पोटात मोटार, आणि हातातल्या ताटलीत एक संत्रं. मिशा मी रंगवल्या. बाकी सगळं कुसुमचं डोकं. ही नांदगाव पेठेकडच्या भाजीवाल्या माळ्यांची मुलगी, अबोल, पण मोटारीची तार गुंडाळायला बसली की जेवण विसरणारी. आणलेली बॅटरी कोरी होती. तिच्यात पातळ केलेलं तेजाब अकोल्यात पोचल्यावरच भरायचं, असा बाईंचा हुकूम. मुली एस.टी.नं गेल्या. पण तेजाब एस.टी.त न्यायला बाई तयार होईनात. "थ्या गाडीत लेकुरवाळ्या बसतात," म्हणाल्या. शेवटी शेंदूरजनाघाटची संत्री उतरवून रिकामा निघालेला एक ट्रक त्यांनी गाठला. मागच्या हौद्यात वाळूच्या बादलीत रोवलेली बाटली, तिच्याजवळ बाई, आणि गड्याला कवटाळून मी. ड्रायव्हरला तंबी अशी होती, की बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. हौद्यात संत्र्यांचा वास राहिला होता. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस लांबवर पसरला होता, आणि तो पाहतापाहता आपण जागे आहोत की नाही, हेच मला कळेनासं झालं.

"बाई, तुम्हाला या तेजाबाची इतकी भीती वाटते?" मी विचारलं.

"भीती कायले वाटन?" त्या बादलीवर हात ठेवून म्हणाल्या. "मले त्याचं लय कौतुक हाय. कौतुकाची चीज माणूस जपूनच धरते ना, मास्तर?"

अकोल्याच्या शाळेत पोचल्यावर बाईंनी मागच्या अंगणातल्या निंबाखाली ठाण मांडलं. पाण्यानं भरलेल्या बादल्या रांगेनं ठेवल्या, तेजाब सांडलंच तर जमिनीवर टाकायला एका डब्यात खाण्याचा सोडा, आणि कुसुमला चष्मा लावून तेजाबाची बारीक धार पाण्यात सोडायला बसवलं. मिश्रण तापलं. ते निवेपर्यंत थांबायचं, मग भरायचं, मग बॅटरीला विसावा द्यायचा. आत मंडपात परीक्षकांची फेरी सुरू झाली. व्यवस्थापक दोनदा येऊन म्हणाले, "बाई, आटपा. परीक्षक तुमच्याच टेबलाकडे येऊन राहिले."

"येऊ द्या. हे गरम हाय."

परीक्षक आले. गडी ताटली धरून ढिम्म उभा. एकजण मिशांकडे पाहून हसला आणि ते पुढे गेले. कुसुम खाली मान घालून रडू लागली. "बाई, वर्षभर केलं आपण," एवढंच ती म्हणाली. बाईंचाही चेहरा पडला होता. त्यांनाही तो गडी चालायला हवा होता.

तेवढ्यात अंगणाच्या दुसऱ्या टोकाला किंकाळी उठली. तेल्हाऱ्याकडच्या एका शाळेचा मुलगा, परीक्षक जवळ आले म्हणून घाईघाईनं तेजाबातच पाणी ओतून बसला होता. ते उसळून त्याच्या तोंडावर उडालं होतं. माणसं धावली आणि थबकली. कुणी ओरडलं, "खोबरेल लावा!" कुणी आमच्या सोड्याचा डबा उचलला. आयुष्यात कधी न धावलेल्या बाई त्या दिवशी धावल्या. "सोडा जमिनीवर टाका! डोळ्यात फक्त पाणी!" त्यांनी पोराचं डोकं मांडीवर घेतलं, पापण्या बोटांनी उघडून धरल्या, आणि कुसुमनं तांब्यामागून तांब्या ओतायला सुरुवात केली. मी विहिरीवरून बादल्या आणत होतो. पोरगा लाथा झाडत होता, त्याचे मास्तर रडकुंडीला येऊन म्हणत होते, "पुरे हो बाई, जीव घाबरा झाला त्याचा!"

"थांबाचं नाही," बाई म्हणाल्या. आणि मग खाली वाकून, त्याच्या कानाशी, अगदी निराळ्या आवाजात : "राजा, आणखी थोडंसं. मी हावो ना इथं."

डॉक्टर येईपर्यंत अंगणात चिखल झाला होता. डोळे तपासून ते म्हणाले, पाण्यानं वाचवले.

बक्षीस कुणाला मिळालं ते मला आठवत नाही. दिवस कलताना मंडप रिकामा होत होता. दवाखान्यातून परत आणलेला तो मुलगा, डोळ्यांवर पट्ट्या बांधून, निंबाखाली गाडीची वाट पाहात बसला होता. कुसुमनं गडी अंगणात आणून बॅटरी जोडली. गडी एकदा थरथरला आणि निघाला, डुलत, घरंगळत, ताटलीतलं संत्रं सांभाळत. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. कुसुमच तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

"चालला काय?" त्या मुलानं आवाजाच्या दिशेनं मान वळवून विचारलं.

बाई त्याच्या शेजारी बसल्या. "चालून राहिला," म्हणाल्या. "डाव्या पायानं थोडा लंगडते. आता विहिरीकडं वळला. ऊन पडलं त्याच्यावर. सोन्याचाच दिसून राहिला." मिशांचा रंग, ताटलीतलं संत्रं, मागे लांबत जाणारी सावली, सगळं त्या त्याला सांगत गेल्या. एरवी दोन वाक्यांत तोडून बोलणाऱ्या त्या बाईंना इतकं सावकाश, इतकं मऊ बोलताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी बाईही वारल्या. पण त्या संध्याकाळचं आठवायला बसलो, की मी पाहिलेला गडी मला नीटसा दिसत नाही. दिसतो तो बाईंनी त्या मुलाला सांगितलेलाच.