बदमाशाच्या बाजूनं बोलणारा

आमच्या भाजीबाजारात एक बाई बसते. ती सगळ्यांच्या पिशवीत वरून सांबाराच्या चार काड्या फुकट टाकते, पण माझ्या पिशवीत टाकत नाही. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांना सांगावं लागतं. एकदा मी तोंड उघडून मागितला, तर ती सगळ्या बाजारादेखत म्हणाली, "तुमच्या बुढ्याले मागा ना बाई! माह्या भाच्याले त्यानं लाइव्हवर म्हशीचं रेडकू म्हटलं."

बुढा म्हणजे नवरा, आणि ह्यांनी तसं म्हटलंच होतं. मी स्वतः घरी बसून मोबाईलवर ऐकलं होतं.

आमचे हे दिवसभर सरकारी कचेरीत बाबू असतात आणि यात्रांचा हंगाम आला की सुट्टीच्या दिवशी बदमाश होतात. खामगावकडचा एक पोरगा गावोगावच्या दंगली, म्हणजे मातीतल्या कुस्त्या, मोबाईलवर लाइव्ह दाखवतो. पुण्याला, सुरतेला कंपनीत गेलेली आपली पोरं त्या तिथं बसून बघतात. त्यानं आखाड्याजवळ टेबल मांडून दोन माणसं बोलायला ठेवली आहेत, त्यांचं बोलणं मोबाईलवरही जातं आणि मैदानातल्या कर्ण्यावरही. एक रिटायर झालेले पीटीचे सर. ते खरं बोलतात, कुणी कुठला डाव टाकला ते नीट सांगतात, हरलेल्याचंही कौतुक करतात. दुसरे आमचे हे. हे गावच्या पैलवानाची टर उडवतात, बाहेरून आलेल्याची आरती ओवाळतात, आणि कुणी डोळ्यात माती टाकली तरी म्हणतात, वारं सुटलं होतं.

या रोगाचं मूळ आमच्या टीव्हीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात नवीनच केबल आली होती, आणि हे रोज त्या परदेशी कुस्त्या लावून बसायचे. कुस्त्या कसल्या डोंबलाच्या! तेल चोपडलेल्या दांडगटांची ठरवून केलेली धक्काबुक्की. तिथंही दोन माणसं बोलायला असायची. एक सरळ, आणि दुसरा बदमाश पैलवानाचा वकील. मागून डोक्यात खुर्ची घातली तरी या वकिलाला दिसायची नाही. पंचाची पाठ असली की याचं ठरलेलं, पंचानं पाहिलं नाही म्हणजे झालंच नाही. आणि बदमाश हरला की बोंब ठोकायची, पंच विकला गेला! आधी हे सगळं इंग्रजीत चालायचं. ह्यांना इंग्रजीचा गंध नाही, पण कोण खोटं बोलतोय ते ह्यांना आवाजावरून कळायचं आणि हे खुशीत मांडी थोपटायचे. पुढं हिंदीत बोलणारे आले तेव्हा तर ह्यांना जेवण सुचेना.

मला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा. देवानं एवढी जीभ दिली आणि ती वापरायची कशाला, तर खुर्ची घालणाऱ्याला पाठीशी घालायला. ह्यांचं म्हणणं वेगळंच. "अवो, त्याच्याचमुळं तर मजा हाये. तो नसता तर लोकाइले राग कोनाचा आला असता? आन रागच नाही आला तर चांगल्यासाठी कोन वरडते?" वा रे वा तत्त्वज्ञानी! दूधवाला पाणी घालतो हे त्याच्या तोंडावर सांगायची ह्यांची छाती नाही. कचेरीत साहेबानं फाईल आपटली की हे ती उचलून पुन्हा साहेबाच्या हातात देतात. वर्षभर गिळलेलं सगळं माइकवर ओकायचं, आणि त्याला म्हणायचं कला.

आमची एकुलती एक मुलगी. तिला कॉलेजात जाता जाता कुस्तीचा नाद लागला. तालुक्याला तालमीत जायची, पहाटे अंगणात जोर मारायची. हे हातात चहाचा कप घेऊन पायरीवर बसायचे आणि सुरू. "पाहा मंडळी पाहा, दहाव्या जोरातच ढेपाळली! इचे हात हायेत का शेवग्याच्या शेंगा?" मी आतून ओरडायची, "अवो, पोरीले काऊन टोचून राह्यले?" तर पोरगीच हसायची आणि जास्तीचे चार जोर मारायची. तिला राग म्हणून यायचा नाही. बापाचा तो खोटा आवाज लागला की तिच्या अंगात बळ यायचं, हे मला दिसत होतं. पटत नव्हतं, पण दिसत होतं.

मग आमच्याच गावच्या यात्रेत तिची कुस्ती ठरली. जालन्याकडची एक पोरगी येणार होती. आमच्या गावात पोरींची कुस्ती पहिल्यांदाच. मी ह्यांना म्हटलं, "त्या दिवशी माइक घेऊ नका. बाप म्हणून खाली बसा माह्यापाशी."

"मी गप बसलो तर लोक काय म्हनतीन? पोरीची बारी आली आन शेपूट घातलं. नाही, मले बोलाच लागते."

आणि बोलले. अहाहा, काय बोलले! पोरगी लाल मातीत उतरली तर म्हणे, गावची वाघीण आली, हिले कोनी तरी दूधभाकर द्या. पोरीनं पहिल्याच झटक्यात पट काढला, पाय धरून समोरचीला जवळजवळ पाडलीच, तर म्हणे घसरली बिचारी, माती ओली हाये. गाव पेटलं. माझ्या मागं बसलेल्या म्हाताऱ्यानं चप्पल काढून टेबलाकडं फेकली. पोरगी मात्र मस्त खेळत होती.

मग जालन्याच्या पोरीनं हिची मान काखेत धरली आणि दाबत खाली आणली. हिचं तोंड लाल झालं. हे म्हणत होते, "दाब! दाब! वाघीन नाही, शेळी हाये शेळी!" आणि मधेच थांबले. कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. आणि मग तो आवाज आला, जो मी तीन दशकांच्या संसारात ऐकला नव्हता. "अवं सोड... सोड माय तिले... श्वास कोंडला तिचा! पंच, सोडवा ना हो माह्या लेकीले!" आणि माइकवर ढसाढसा रडणं.

पोरीनं ते ऐकलं. मान वळवून टेबलाकडं बघितलं. तेवढ्यात समोरचीनं तिला उलथवली आणि पाठ मातीला लागली. चितपट.

घरी आल्यावर ती अंगणात उभी राहूनच बोलली. "बाबा, ते मले दाबून राह्यली होती, पन मी निसटून राह्यली होती. मले तिनं नाही पाडलं. तुमी पाडलं." एवढं बोलली आणि त्या दिवसापासून बापाशी एक शब्द नाही.

आणि दुनिया? दुनिया विरघळली. कुणीतरी ते रडणं कापून, मागं बासरी लावून, वर "बापाचं काळीज" असं लिहून मोबाईलवर फिरवलं. मी शिकवते त्या शाळेत माझ्या सोबतच्या बाया डोळे पुसत पुसत मला दाखवायला आल्या. जणू तो बाप माझ्या घरी नसून त्यांच्याच मोबाईलात राहतो! कालपर्यंत ह्यांना चप्पल मारणारे आज हात जोडायला लागले. भाजीवालीनं मूठभर सांबार कोंबला पिशवीत. "लय जीव हाये हो बाई तुमच्या मालकाचा पोरीवर." मला तो सांबार तिच्या तोंडावर फेकावासा वाटला. पोरगी चांगली लढली हे एका मेल्यानं म्हटलं नाही. रडला कोण, तर बाप. कौतुक कुणाचं, तर बापाचं. आणि पोरगी झाली "बिच्चारी".

बिच्चारीवर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण दंगलीची एक रीत असते. ज्याची कुस्ती आधी ठरलेली नसते, त्यानं एक हात वर करून आखाड्याभोवती फिरायचं. तोडीचं कुणी असेल तर उठून हात मिळवतं, त्याला जोड लागली म्हणतात. कुणी उठलंच नाही तर आल्या पावली घरी. आमची पोरगी पिंपळगाव राजाकडं एका मैदानात फिरली, वरवट बकालकडं फिरली. पोरी बसलेल्या होत्या, तिच्याच वजनाच्या. एकही उठली नाही. मी एका उस्तादाला गाठलंच. म्हटलं, "माह्या पोरीत काय खोट हाये?"

"खोट काहीच नाही मॅडम. पन त्या बापाची हाय कोन घ्यावं? आमच्या पोरीनं तिले दाबलं आन तो मानूस पुन्हा तसा रडला, तर लागते हो अशी हाय. लेकराबाळाची मानसं आमी."

घ्या! बदमाश होता तेव्हा नुसत्या शिव्या होत्या, चांगला झाला तर पोरीची कुस्तीच बंद. परत येताना ती एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. "आई, आनखी एका ठिकानी फिरतो," म्हणाली, "दुसरबीडकडं. तिथीबी जोड नाही लागली तर सोडून देतो." माझं काळीज तुटत होतं, पण त्याला बासरी लावायला कुणी नव्हतं.

इकडं ह्यांनी माइकचं नाव टाकलं होतं. संध्याकाळी टीव्ही लावायचे, त्याच परदेशी कुस्त्या, पण आवाज बंद करून. दोघं तोंडं हलवताहेत आणि हे बघताहेत. पोरगी स्वयंपाकघरात जेवायची, हे बाहेर. दोघांची ताटं वाढून वाढून माझं डोकं फिरलं. मीच त्या लाइव्हवाल्या पोराला फोन लावला. तो कुरकुरला, "काकू, काकाले घेऊन काय करू? आता त्याइले कोनी शिव्याच देत नाही. खाली कमेंटमधी निरे हात जोडलेले येतात."

"तू टेबल मांड," म्हटलं, "शिव्यांचं मी पाहतो."

दुसरबीडच्या दंगलीच्या सकाळी पोरगी पुढं निघून गेली आणि मी टीव्ही बंद करून ह्यांच्यासमोर उभी राहिले. "उठा. शर्ट घाला. माइकवर जायचं आहे."

"मले नाही जमत आता. तिचा चेहरा पाह्यला की गळा दाटते."

"मंग चेहरा पाहू नका! डोळे मिटा आन तोंड उघडा. जिल्हाभराच्या लेकरांले नावं ठेवली तवा गळा नाही दाटला? आता सोताच्या लेकरासाठी खोटं बोलाले जीभ झडते काय तुमची?" आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे उठले.

मैदानात मी बायांच्या घोळक्यात बसले. पोरीला ठाऊकच नव्हतं बाप आला आहे. ती हात वर करून निघाली. एक फेरी झाली. डफडं वाजत होतं, लोक शेंगदाणे खात होते, उस्ताद लोक दुसरीकडं बघत होते. दुसरी फेरी अर्धी झाली आणि कर्णा खरखरला.

"राम राम मंडळी! हात वर करून कोन फिरून राह्यलं पाहा. वळखलं का? रडक्या बापाची पोट्टी! बाप रडका आन लेक पडकी!"

पोरगी जागच्या जागी थांबली. टेबलाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. वर केलेला हात फक्त आणखी ताठ झाला, आणि ती पुन्हा चालायला लागली.

"इले जोड नका देऊ बरं! इले मेहंदीचा कोन द्या, घरी बसून हात रंगवीन. आन तुमी काऊन गप बसले हो उस्ताद? तुमच्या पोरी भेल्या का तुमी? रडक्या बापाले भेनारे उस्ताद आजच पाह्यले बाप्पा!"

एक उस्ताद ताडकन उठला. "याची काय हाय लागते?" तो मोठ्यानं म्हणाला. "याले काळीजच नाही!" आणि आपल्या पोरीचं मनगट धरून तिला मातीत घेऊन आला. हाताला हात लागला.

कुस्ती जोराची झाली. आणि नेमकी तीच पकड. तीच मान काखेत, तेच लाल झालेलं तोंड. कर्णा गप्प झाला. बोला हो, मी मनात म्हणत होते, बोला, नाहीतर घरात पाय ठेवू देणार नाही. आणि आवाज आला, चिरका, फाटका, पण बदमाश. "हां... दाब! दाब तिले! आता रडीन पाहा बापासारखी!"

पोरगी खालून सुळकन निसटली. कमरेला धरलं, उचललं, फिरवलं, आणि त्या पोरीची पाठ मातीत रुतवली. पीटीचे सर आनंदानं किंचाळले. पंचानं आमच्या पोरीचा हात वर केला. आणि हे ओरडत होते, "नाही! मी नाही मानत हे कुस्ती! पंच विकला गेला! पंच विकला गेला!"

पोरीनं तोंडावरची माती पुसली, टेबलाकडं बोट दाखवलं आणि खदाखदा हसली. इतक्या दिवसांनी.

माझ्या शेजारची बाई रागानं थरथरत होती. "सख्खा बाप हाये म्हने तिचा! असा बाप दुश्मनाले न मिळो. तोंड फुटो मेल्याचं!"

"फुटो बाई, फुटो," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना. तिला वाटलं मीही संतापानंच रडते आहे. तिनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली. मी पाणी प्याले, आणि तिच्यासोबत ह्यांना आणखी दोन शिव्या घातल्या.