दादाच्या रजिस्टरातलं साडेसात

आणि दादा फोनवर म्हणायचा की कॉम्प्युटरच खोटारडा आहे. अरे, आपण जे लिहून दिलं तेच तो शिकला. पदरचं काय सांगणार?

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागनं सांगतो. मी आठवी नापास, वापीत एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्यांवर ऑपरेटर आहे. दादाचं कोल्हापुरात उद्यमनगरात प्लेटिंगचं लहान दुकान आहे, नटबोल्टांना जस्त चढवायचं. प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी त्याच्या गटारातलं पाणी तपासायला नेलं, त्यात आम्ल जास्त निघालं. महिन्याभरात परत तपासणार. तेव्हाही नापास झालं तर संमतीचं नूतनीकरण नाही, म्हणजे दुकानाला कुलूप.

आमच्या कारखान्यातल्या इंजिनियर साहेबांनी एक प्रोग्राम बनवलाय. जुन्या नोंदी कॉम्प्युटरला शिकवायच्या, मग पाणी कधी बिघडणार ते तो आधी सांगतो. मी दादाची दोन वर्षांची रजिस्टरं कुरिअरनं मागवली आणि ड्युटी सुटल्यावर बसून सगळे आकडे टाईप केले. आकडा म्हणजे पाण्याचा पीएच: सात म्हणजे साधं पाणी, त्याच्या जितकं खाली तितकं आम्ल जास्त. कॉम्प्युटर म्हणाला, उद्या साडेसात. परवा साडेसात. दिवाळीतही साडेसात. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हा पाणी नाही शिकला रे. तुझ्या भावाची सवय शिकला."

म्हणून चार दिवसांची रजा टाकली. खरे आकडे कुठंतरी असतील तर ते शोधायचे होते.

वापी ते ठाणे एसटीत उभ्यानं गेलो. ठाण्याहून कोल्हापूरची निमआराम मिळाली, तीनशेच्या आसपास तिकीट. कुणी जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरू नका, दुपारभर ऊन खाल. खंबाटकीला डोळा लागला तो कराडला उघडला. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झालाय, पण पाठीला त्याचं काही कौतुक नव्हतं. शिवाजी पेठेत घरी पोचलो, जेवलो आणि आडवा झालो.

सकाळी मिसळ खाल्ली. वीस रुपये, कट, म्हणजे रस्सा, मागाल तेवढा. तिथनं चालत दुकानात गेलो. दादा लोखंडी हुकाला अडकवलेले नटबोल्ट ॲसिडात बुडवत होता. वर न बघता म्हणाला, "या पावणं. कॉम्प्युटर संगट न्हाय आणला?"

"दादा, खरे आकडे दे."

"खरंच हायत की. मंडळाला साडेसात लागतं, साडेसात लिवलं."

"पाण्यात पीएचचा मीटर कधी बुडवलास?"

"मीटर कवाच बंद पडलाय."

मी तोंड सोडलं. दोन वर्षं कागद खोटा, तुझ्यापायी धंदा बुडणार, काय वाटेल ते बोललो.  दादानं फळीवरचं त्या दोन वर्षांच्याही आधीचं रजिस्टर काढून माझ्यापुढं टाकलं. पहिलंच पान. साडेसात, साडेसात, खालपर्यंत साडेसात. आणि प्रत्येक सात उताणा पडलेला, माझा पडतो तसा.

आठवलं. मी दुकानात होतो तेव्हा एक तारखेलाच अख्खा महिना भरून टाकायचो आणि फुटबॉलची मॅच गाठायचो.

"तू गेलास," दादा म्हणाला, "म्या तुजंच बघून फुडं लिवत गेलो. मला वाटलं, असंच लिवत्यात."

मी रजिस्टर मिटून परत फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वहिनीला जोतिबाला जायचं होतं, पण दुकानाला सुट्टी सोमवारची, दादा दुकान सोडेना, मग मीच तिला घेऊन गेलो. स्टँडवरून बस मिळते, वर चढताना गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. दर्शन झालं, गुलालानं शर्ट गेला तो गेलाच. नारळ फोडून पायरीवर बसलो. वहिनी शर्टाकडे बघून म्हणाली, "भावजी, ॲसिडात कागद लाल हुतो, तसं झालंय तुमचं."

"तुम्हाला काय माहीत कागदाचं?"

"मंडळाच्या साहेबांनी गेल्या साली कागदाच्या पट्ट्या दिल्त्या पाणी बघायला. ह्यांनी कोपऱ्यात टाकल्या. म्या डबा घिऊन गेले की एक गटारात बुडवायची, वाया कशाला घालवायच्या? घरी आल्यावर कॅलेंडरवर चिकटवायची. रंग उडतोय, म्हणून पाकिटावरच्या रंगाशी जुळवून बाजूला आकडा लिवलाय."

घरी येऊन बघितलं तर कॅलेंडरवर अकरा महिन्यांच्या पट्ट्या होत्या. दुधाच्या हिशोबाशेजारी तीन, सहा, सात, परत तीन. ते कॅलेंडर गुंडाळून मांडीवर धरून मी वापीला परतलो.

कॉम्प्युटरनं या वेळी साडेसात म्हटलं नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाणी बिघडतं, बाकी बरं असतं, असं त्यानं काढलं. दादाला फोन केला.

"मग? त्या दिवशी ॲसिडची टाकी रिकामी करतूय की आपण. एवढं सांगाय कॉम्प्युटर कशाला, मला इचारायचं."

"विचारलंच होतं. साडेसात म्हणालास."

पलीकडे रजिस्टराची पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणाला, "आज तुज्या वहिनीच्या पट्टीनं बघितलं. चार लिवलंय. साडेसातची सवय, चाराला हात वळंना."

पाठ अजून दुखतेय, शर्ट फडक्यात गेला. तपासणीला बारा दिवस आहेत. ते ॲसिडचं पाणी गटारात न सोडता वेगळं धरायचं, चुना घालून त्यातलं आम्ल मारायचं आणि मगच सोडायचं, एवढंच करायचंय. टाकी, पाईप, चुन्याची पोती आणि पट्ट्यांची नवी पाकिटं धरून दादाला उद्या पाठवतोय, अकरा हजार चारशे रुपये.