दत्तरावांच्या गाडीतला ण

आमच्या शेजारी दत्तराव राहतात. जिंतूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, त्यांनी उमेदीची सर्व वर्षे काढली. यंत्रांच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलण्याची सवय त्यांना तिथे लागली आणि ती अद्याप सुटलेली नाही. त्यांनी घरात मीठ मागितले तरी ते आमच्या चुलीपर्यंत ऐकू येते. त्यांच्या हातून एखादे मोठे कार्य घडलेले नाही. परंतु हाती घेतलेले काम कसे धरून ठेवावे हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत आहे.

त्यांच्या पत्नी चतुराबाई आणि मी एकाच वर्गात शिकलो. आमचा प्रौढांचा वर्ग बुद्धविहारात भरतो आणि वैष्णवी मॅडम आम्हाला शिकवतात. सतरंजीवर चतुराबाई माझ्या उजव्या हाताला बसत. त्यांचे नाव त्यांना शोभणारे आहे. मुळाक्षरे त्या माझ्याआधी शिकल्या आणि केवळ एका अक्षरावर अडल्या. ते अक्षर म्हणजे बाणातला ण. आमच्या भागात नळातला न आणि बाणातला ण यांत बोलताना कोणी भेद करत नाही. आम्ही जन्मभर पानीच प्यालो. मॅडमनी सांगितले की, ण म्हणताना जिभेचे टोक वर टाळूकडे वळवावे. चतुराबाई भाकरी थापताना आणि धुणे धुताना जीभ वळवत राहिल्या आणि अखेर त्यांना ण साधला. त्या दिवशी त्या वर्गात म्हणाल्या, "आजवर मी चुकीचंच पानी पेले की वो." आम्ही सर्व हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या डोळ्यांचा आजार उघड झाला. तो काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेलाच होता आणि डाव्याची नजर, कोणी हळूहळू दार लोटावे तशी, कडेने मिटत चालली होती. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, गेलेली नजर परत येणार नाही; मात्र थेंब वेळेवर घातले आणि डोळ्याचा दाब वरचेवर तपासून घेतला, तर उरलेली टिकवता येईल. पुस्तकातली अक्षरे दिसेनाशी झाल्यामुळे चतुराबाईंनी वर्ग सोडला. सतरंजीवरची त्यांची जागा मी कोणाला घेऊ दिली नाही.

सुरुवातीला दोघे एसटीने जालन्याला जात. बसमध्ये चतुराबाईंना आवाजांवरून सर्व समजत असे. कंडक्टरची घंटा, चारठाण्याला चढणाऱ्या बायांची भांडणे, देवगाव फाट्यावर खिडकीशी येणारे शेंगावाले, पुढे मंठ्याच्या स्थानकातला गोंगाट, या सर्वांवरून आपण कोठवर आलो ते त्या अचूक सांगत. पण एकदा उतरताना त्यांची पायरी चुकली आणि त्या पडल्या. तेव्हा दत्तरावांनी एक छोटी चारचाकी घेतली. बाजारात ज्या गाड्या सर्वांत स्वस्त समजल्या जातात त्यांपैकी ती एक होती, आणि तीही दुसऱ्याने वापरलेली. तिचा पत्रा पातळ होता. दार लावले की तेलाचा रिकामा डबा आपटल्यासारखे वाजत असे.

या गाडीतून दोन फेऱ्या झाल्या आणि तिसरीला चतुराबाईंनी नकार दिला. धुळीमुळे काचा लावाव्या लागत. काचा लावल्या की बाहेरचे काही कळत नसे आणि आत पत्र्याचा खडखडाट तेवढा राही. गाडी वळली की थांबली, गाव आले की गेले, काहीच उमजत नसल्यामुळे त्यांचा जीव घाबरत असे. "पेटीत घालून न्यायलेत आसं वाटतंय मला," असे त्या माझ्यापाशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी पोळ्याच्या आधी येण्यास सांगितले होते. दत्तरावांनी असा विचार केला की, कानांना काही काम दिले तर जीव घाबरणार नाही. ते सातवीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी माझ्याकडून आमच्या वर्गाचे पुस्तक मागून नेले, सर्व धडे मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये भरले, आणि पत्नीला गाडीत बसवून गाणी वाजवायच्या डेकवर ते लावत जिंतूरपर्यंत नेऊन आणले. परत आल्यावर चतुराबाई अंगणातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ढोल कळतो, बोल कळंना. त्यो न हाय का ण हाय, का नुसता पत्रा हाय? ज्या दिवशी तुमच्या गाडीत न आन ण येगळा कळंल, त्या दिवशी मी जालन्याला येते. तवर नाव काढू नगा."

विषय मिटवण्यासाठी त्या हे बोलल्या होत्या. दत्तरावांनी मात्र ते कबुलीसारखे धरले. मोबाइलवरचे धडे त्यांनी घरात एकदाही लावले नाहीत. घरी ऐकायला मिळाले तर ती गाडीत कशाला बसेल, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्याच दिवशी ते जिंतूरला धम्मपालच्या दुकानात गेले. धम्मपाल हा माझ्या नणंदेचा मुलगा. तो बसस्थानकामागे गाड्यांना सीटकव्हर आणि डेक बसवून देतो. त्याने दाराचे आवरण उघडले तेव्हा आतल्या स्पीकरचा कागदी पडदा उंदराने कुरतडलेला निघाला. त्याने सुचवले की, मामा, मागे डिकीत एक मोठा वूफर टाकू, मग बघा. त्याच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांना तेच हवे असते. दत्तरावांनी हात जोडले.

"मला गाव हलवायचं न्हाई, बाबा. एका बाईच्या कानापोतर जायचंय."

त्यांनी दोन्ही दारांत नवे साधे स्पीकर बसवून घेतले आणि समोरच्या काचेखालच्या दोन कोपऱ्यांत बारीक आवाजाचे दोन छोटे स्पीकर लावले. धम्मपालने समजावले की, दारातून जाड आवाज येतो, पण अक्षराची धार या लहानांतून येते. चतुराबाईंनी ते हाताने चाचपले आणि त्यांना चिमण्या असे नाव दिले. फरक निश्चित पडला होता. तथापि, न आणि ण यांविषयी विचारले असता त्यांनी मान हलवली. दाराचा पत्रा आवाजाबरोबर थरथरत होता आणि शब्दाच्या मागे मधमाशी गुणगुणल्यासारखे वाजत होते.

आता पत्र्याचे तोंड बंद करणे आवश्यक होते. दत्तरावांना जिनिंगमधली गंजी आठवली. कापसाच्या गंजीआड उभे राहून हाक मारली तर पलीकडे जात नसे. कापूस आवाज पिऊन टाकी. घरात मागच्या हंगामातला थोडा कापूस शिल्लक होता. सरकी काढलेली रुई दबून चपटी होते, सरकीसकट कापूस फुगलेला राहतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी सरकीसकटच कापूस दोन्ही दारांत काचेपर्यंत ठासून भरला. धम्मपालला त्यांनी विचारले नाही. दार आता कपाटासारखे भरीव वाजू लागले. दत्तराव ते उघडत होते, लावत होते आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवत होते.

तेवढ्यात पावसाची झड लागली आणि गाडी उभी राहिली. गाडीच्या दारात काचेवरून पाणी उतरते आणि खालच्या भोकांतून निघून जाते. ती भोके कापसाने बुजली होती. झड ओसरल्यावर दत्तरावांनी काच खाली घेण्याचा प्रयत्न केला तर ती मध्येच अडकली. स्पीकरमधून कोणी घोंगडीखालून बोलावे तसा आवाज येऊ लागला. आणि त्यानंतर आमच्या गल्लीने असे दृश्य पाहिले, जे तिने पूर्वी पाहिले नव्हते. काचेच्या रबराशेजारून दोन हिरवी पाने वर आली होती. गाडीच्या दारात कपाशी उगवली होती.

समोरच्या लिंबाजींनी ओसरीवरूनच विचारले, "दत्तराव, दाराची खुरपनी कवा हाय? आमच्या घरच्या बाया रिकाम्याच हायत्या."

"फवारनीला तुलाच बोलीवतो," दत्तराव म्हणाले. परंतु त्यांचा चेहरा उतरलेला होता.

चतुराबाईंना कोणीतरी ही बातमी दिली. त्या भिंत धरून बाहेर आल्या, त्यांनी ती पाने बोटांनी चाचपली आणि विचारले, "सरकीसकट भरला व्हय? जिनिंगातल्या मान्सानं?" चतुराबाई हसतील असे आम्हा सर्वांना वाटले होते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की, आता या गाडीचा नाद सोडावा. दिसायचे तेवढे दिसले, उरलेले गेले तर गेले, घर त्यांना पाठ आहे. एवढे बोलून त्या आत गेल्या.

दत्तरावांनी पाने मुळासकट उपटली, पान्हा आणला आणि दाराचे आवरण खोलले. ओला, काळा पडलेला कापूस ते टोपलीत काढू लागले. मी म्हणाले की, आज राहू द्यावे. ते म्हणाले, "सरजाबाई, ती म्हनली त्ये ऱ्हाऊ दिलं तर तिचा डोळा ऱ्हाईल का?" मी टोपली उचलून उकिरड्यावर नेली.

या वेळी ते धम्मपालला विचारण्यास गेले. धम्मपालने कपाळाला हात लावला, पण हसला नाही. त्याने डांबराची जाड चिकट चादर दिली. ही चादर पत्र्याला आतून चिकटवायची असते. ती पाणी पीत नाही आणि पत्र्याला जड करते, त्यामुळे पत्रा थरथरत नाही. खालची भोके मोकळी ठेवण्याविषयी त्याने बजावले. ती सर्व पत्र्याला लावावी लागत नाही, जिथे पोकळ वाजते तिथे लावली म्हणजे पुरते, असेही सांगितले.

पोकळ कोठे वाजते ते शोधण्यासाठी दत्तराव अंगणात मुठीने पत्रा ठोकू लागले. सकाळपासून तो दणदणाट चालला होता. अखेर चतुराबाई उंबऱ्यावर आल्या.

"आवो, मडकं कवा घेतलं न्हाई का तुमी? आसं बडवून का कळतंय?"

त्यांनी मला हात मागितला. मी त्यांना गाडीपर्यंत नेले आणि स्टुलावर बसवले. बाजारात माठ घेताना बाया जशी बोटाच्या पेराने टिचकी देतात, तशी टिचकी देत त्या वरून खाली दार तपासू लागल्या. कान दाराजवळ नेऊन, डोळे मिटून त्या सांगत होत्या: इथे वाजते, इथे नाही, इथे लय वाजते. दत्तराव खडूने खुणा करत होते आणि चादरीचे तुकडे कापून चिकटवत होते. दुसऱ्या दारापाशी स्टूल नेताना चतुराबाईंनी मला विचारले की, वर्गात कोणता धडा चालू आहे. मी सांगितले. त्या पुन्हा टिचकी देऊ लागल्या.

काम झाल्यावर दत्तरावांनी दार लावले. ते जड आणि मऊ आवाजात लागले. त्यांनी पत्नीला धडा ऐकण्यास सांगितले. त्या म्हणाल्या, उभ्या गाडीत ऐकून काय उपयोग, चालत्या गाडीत ऐकते. त्या जालन्याला येण्यास तयार झाल्या आहेत हे दत्तरावांना समजण्यास थोडा वेळ लागला.

पोळा जवळ आला होता. पहाटे आम्ही तिघे निघालो. मी पुस्तक घेऊन मागे बसले होते. जिंतूर मागे पडल्यावर दत्तरावांनी डेक लावला. गाडी वेगात होती, काचा बंद होत्या, आणि तरीही प्रत्येक शब्द, दाणे निवडून ताटात ठेवावेत तसा, सुटा ऐकू येत होता. चारठाण्याच्या अलीकडे विहिरीचा धडा सुरू झाला. चतुराबाई पुढे वाकल्या. त्यांनी तो परत लावण्यास सांगितले. दत्तरावांनी परत लावला. त्यांनी तिसऱ्यांदा लावण्यास सांगितले.

दत्तरावांचा जीव टांगणीला लागला होता. "कळंना का?" त्यांनी विचारले.

"सरजाबाई," चतुराबाई मला म्हणाल्या, "पुस्तकात काय लिव्हलंय? वाचा."

मी बोट ठेवून वाचले. "विहिरीत पाणी आहे. आणा, पाणी आणा."

"आन ह्ये काय म्हनतेत? आना, पानी आना. आना म्हंजी पैसा." त्या टेकून बसल्या. "गाडीत काई दोष न्हाई. दोष तोंडात हाय. हितं ण न्हाईच, तर कळंल कसा?"

दत्तरावांनी गाडीचा वेग कमी केला. एवढे दिवस ते चतुराबाईंना न आणि ण ओळखण्यास सांगत होते आणि त्यांच्या वाचनात ण एकदाही नव्हता. स्पीकर बदलले, चिमण्या लावल्या, कपाशी पिकवली, डांबर चिकटवले, आणि आता कोठे गाडीचा आवाज इतका स्वच्छ झाला की त्यात त्यांची स्वतःची चूक ऐकू आली.

देवगाव फाट्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटले चहासाठी थांबले असावेत. त्यांनी इंजिन बंद केले, माझ्याकडून पुस्तक घेतले, मोबाइल तोंडाशी धरला आणि चतुराबाईंना विचारले, "जीभ कुठं न्यायची म्हनलीस?"

चतुराबाईंनी आपला हात त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि जिभेचे टोक वर वळवण्यास सांगितले. दत्तरावांच्या तोंडून नळातला नच निघत होता. त्या, पुन्हा म्हणा, असे सांगत होत्या. शेंगावाला काचेशी येऊन, आत काय चालले आहे ते पाहून निघून गेला. अखेर दत्तरावांच्या तोंडून ण निघाला. तो काहीसा जाड होता, पण ण होता. त्यांनी विहिरीचा धडा पहिल्यापासून वाचून भरला आणि लगेच डेकवर लावला.

चतुराबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग त्यांनी सीटचा पट्टा चाचपून नीट केला आणि म्हणाल्या, "चला आता. पुढचा धडा मंठ्यापोतर पुरल. धडा सरला म्हंजी मंठा आला ते मला कळंल."