केशराचं बोट

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, पण हे लिहून ठेवतेच. आमच्या मुरबाडच्या देवळात एक विधवा चंदन-केशराचं गंध उगाळायची. लढाईत केशर महागलं होतं. प्रत्येक काडी ती आधी हुंगायची आणि स्वतःशीच हसायची. देवाला लावून सहाणेवर उरलेलं गंध ती सरळ आपल्या कपाळाला लावायची.

एकदा पुजारीबुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "ते पूस, नाहीतर उद्यापासून देवळात येऊ नकोस."

"कुंकू नाय हे बुवा, केशर हाय," ती म्हणाली. "माझं पुसायचं, तर आधी देवाचं पुसा."

बुवा पाठ फिरवून गाभाऱ्यात गेले. तिने सहाणेवरून पुन्हा बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला विधवा होऊन वर्ष झालं होतं. मी कपाळ पुढे केलं.