बाबांचा गळ आणि स्पर्धेचा फॉर्म

आमच्या घरी एक कायदा होता. मासोळी घरात आल्याशिवाय मसाला वाटायचा नाही. रविवारी सकाळी बाबा गळ घेऊन फुटाळ्याच्या तलावावर गेले की आई भात टाकायची, कांदा-खोबरं भाजून ताटलीत झाकून ठेवायची, पण पाट्याला हात लावायची नाही. आधी वाटला की मासोळी गळाला तोंड लावत नाही, असं बाबांचं म्हणणं. ते निघताना कुणी मासोळीचं नावसुद्धा काढायचं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा हसत विचारलं, "काय भाऊजी, आज मासोळी का?" झालं! बाबा दारातूनच परत फिरले, गळ खुंटीला टांगला आणि दिवसभर पेपर वाचत बसले. आम्ही वरण-भात खाल्ला.

मला या सगळ्याचा भारी राग यायचा. मी नुकतीच मास्तरीण झाले होते, चौथीच्या पोरांना विज्ञान शिकवत होते, आणि घरी हा प्रकार! मी आईला म्हणायचे, "तुझ्या पाट्यावर काय चाललंय ते तलावातल्या मासोळीला कसं कळतं गं?"

आई शांतपणे म्हणायची, "तिले नसंल कळत. तुह्या बाबाले कळते ना."

मग बाबांना लकवा मारला. महिनाभर खाटेवर होते. पाय सुधारला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं, पण उजव्या हाताची थरथर काही गेली नाही. चहाची बशी ओठाशी नेईपर्यंत अर्धा चहा सदऱ्यावर. गिरणीतली नोकरी सुटली आणि फुटाळाही सुटला. वर्षभर गळ खुंटीलाच होता. आई झाडताना त्याच्यावरची जळमटं काढायची, पुन्हा तसाच टांगायची.

हे मला बघवेना. आणि माझ्या स्वभावाला गप्प बसणं कधी जमलंच नाही. त्या हिवाळ्यात फुटाळ्यावर गळाची स्पर्धा होणार असल्याचा कागद चौकातल्या पानठेल्यावर लागला. सकाळी सात ते बारा, सगळ्यात वजनदार मासोळीला ट्रान्झिस्टर. मी फॉर्म आणला, सगळा भरला आणि सहीपुरती जागा ठेवून बाबांसमोर धरला. रविवारी सकाळी तलावावरच नेऊन द्यायचा होता.

"पाहू," बाबा म्हणाले आणि त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

पूर्ण आठवडा ते 'पाहू'च म्हणत राहिले. सोमवारी, "थंडी लय हाये." मंगळवारी, "दोरी जुनी झाली." मी नवी दोरी आणली. बुधवारी म्हणाले, "स्पर्धेत काय मजा हाये वं? गळ टाकाचा तर एकट्यानं." मी काही ऐकायला तयार नव्हते. उलट काकूंना, बाबांच्या गिरणीतल्या दोस्तांना, माझ्या शाळेत, सगळीकडे सांगून बसले. बाबा पुन्हा माणसात यावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरातून बाहेर काढलं की आपोआप बरे होतील असं मला वाटे. मास्तरीण ना मी!

शुक्रवारी शाळेतून आले तर बाबा अंगणात सिमेंटच्या टाकीपाशी बसले होते. गळ टाकीत सोडला होता. दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगते, मासोळीनं तोंड लावलं की ती हलते, आणि काडी हलली की ओढायचं, एवढाच तो खेळ. पण टाकीत मासोळी कुठली? तरी काडी नाचत होती. बाबांच्या हातामुळे नाचत होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. काडी नाचतच राहिली.

आईनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मीही पाहिलं. पण मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण मला माघार घ्यायची नव्हती. आज लिहितानाही याची लाज वाटते.

शनिवारी त्यांनी सही केली. ती सही बाबांची आहे असं कुणी म्हटलं नसतं.

रविवारी मी त्यांचा सदरा इस्त्री केला. दारात सायकल रिक्षा उभी, गिरणीतले दोघं दोस्त आलेले, काकू कौतुकानं फाटकाशी. बाबा बूट घालून खाटेवर बसले होते, फॉर्म मुठीत. उठत काही नव्हते. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. घर्र, घर्र.

मी धावले. आई पाट्यावर मसाला वाटत होती. खोबरं, कांदा, खसखस, सारं.

"आई! काय करून राहिली तू?" चिडले की माझी मास्तरणीची भाषा गळून पडायची.

"मसाला वाटून राहिली. दिसत नाही?"

"अगं, बाबा निघाले, आणि तू आधीच..."

"विसरली वं," आई म्हणाली. वरवंटा थांबला नाही.

पंचवीस वर्षांत जी एकदाही विसरली नाही, ती आज विसरली! ज्या कायद्याला मी जन्मभर हसले, त्याच्यासाठीच मी तिच्यावर तोंड टाकलं. मागून बाबा आले. त्यांनी पाट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाले, "जा गा तुमी. घरातूनच खोडा घातला बाईनं. आता कायची लागते मासोळी!"

"काय वयनी, आजच वाटाचा होता का?" दोस्त म्हणाले. काकूही चार शब्द बोलल्या. आईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बाबांनी बूट काढले, फॉर्म चुलीत टाकला आणि चहा मागितला. त्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते. तो नव्हता. दुपारी त्याच मसाल्यात आईनं अंडी सोडली आणि बाबांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

तीन दिवस मी आईशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बाबाच म्हणाले, "तिच्यावर काहून फुगून बसली वं? चार लोकांत माह्या हाताचा तमाशा झाला असता. तो तिनं आपल्या अंगावर घेतला."

पुढच्या रविवारी त्यांनी कुणाला न सांगता गळ काढला आणि मला नुसतं "चाल" म्हणाले. फुटाळ्याच्या एका कोपऱ्यात आम्ही दोघंच. गळ मी धरला, काडी त्यांनी बघितली. "थांब. थांब. आता ओढ!" वीतभर रोहू लागली. बाबा खदखदून हसले. त्या हसण्यासाठीच माझा सगळा आटापिटा होता.

घरी आलो. पाटा कोरडा होता. भाजलेलं कांदा-खोबरं ताटलीत झाकून ठेवलं होतं. आई काही न विचारता पाट्याशी बसली. मला माफी मागायची होती, पण ते शब्द माझ्या तोंडून कधी नीट निघत नाहीत. मी तिच्या हातून वरवंटा घेतला आणि मसाला वाटायला बसले.